आधी वळी, मग भेग? हा क्रम नेहमीचा नाही

‘खडकांचे थर आधी वाकून वळी (घडी) होते, ताण असह्य झाला की ती तुटते आणि प्रस्तरभंग (म्हणजे भेगेवरून खडक सरकणे) होतो’ अशी एक आकृती सध्या फिरते आहे. तसे कधीकधी घडते, पण तो नियम नव्हे.

दाबाखालच्या थरांत शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) किंवा मीठ असा कच्चा थर असेल, तर वरचे खडक त्यावरून घसरतात. ही घसरण थरालगत सपाट चालते, मग बळकट थर तिरपा कापत वर चढते आणि पुन्हा सपाट होते. या जिन्यावरून सरकणाऱ्या खडकांना चढावर वाकावेच लागते. म्हणजे भंग आधी, वळी नंतर! अमेरिकेच्या ॲपलेशियन पर्वतातील पाइन माउंटन थ्रस्टचा (खडक दुसऱ्या खडकांवर चढवणाऱ्या भंगाचा) असा उलगडा भूवैज्ञानिक जॉन रिच यांनी 1934 मध्येच केला होता.

दुसऱ्या प्रकारात भंगाचे टोक खडकात अडकलेले असते. मागून आलेले सरकणे टोकापाशी संपते, ते पुढचे थर वाकून पचवतात. टोक पुढे सरकते तशी वळीही वाढते. इथे ‘आधी कोण’ हा प्रश्नच फिजूल.

दडलेल्या भंगावर वळी वाढते, हे प्रत्यक्ष दिसलेही आहे. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात कोलिंगाचा भूकंप झाला, तेव्हा मुख्य धक्क्याचा भंग जमिनीवर उमटलाच नाही. वरची अपनती (कमानीसारखी वर फुगलेली वळी) मात्र उंचावली.

‘मऊ खडक वाकतात, कठीण तुटतात’ हेही अर्धवटच. तोच चुनखडक उथळ, थंड जागी तुटतो आणि खोलवरच्या उष्णतेत सावकाश वाकतो.