वरून पाणी सुटेलही, पण अथणीच्या पूर्वेला पोचेल का?

दादा, तुम्ही तळमळीने लिहिलंत, म्हणून दोन ओळींत उत्तर न देता सवडीने लिहितोय. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सीमाभागात नव्या बोअरवर बंधन हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की दोष बोअरचा नाही. महाराष्ट्राने कोयनेतून वेळेवर पाणी सोडलं तर बोअर मारायची वेळच येणार नाही, आणि नदीकाठच्या निपाणीकराने अथणीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागाला शहाणपण शिकवू नये.

कोयनेबद्दलचा तुमचा राग मला रास्त वाटतो. १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण, आणि त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला वीज करून घाटाखाली सोडायला, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानेच मुभा दिलेली. इकडे कुडचीला कृष्णेचं पात्र उघडं पडत असताना हे पचत नाही. उन्हाळ्याचं पाणी दर वर्षी विनवण्या करून मागावं लागू नये, त्याचा दोन राज्यांत कायमचा करार व्हावा, हे मीही म्हणतो.

पण सुटलेल्या पाण्याचं पुढे काय होतं ते पाहा. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा राजापूर बंधारा ओलांडून ते कागवाड, अथणी, रायबागच्या काठाने हिप्परगी बंधाऱ्याकडे जातं. वाटेत दोन्ही काठांवर जॅकवेल (नदीतून पाणी उचलायच्या विहिरी) आणि मोटारी. पाणी पुढे सरकावं म्हणून काठावरची वीज तोडावी लागते. त्यातूनही मोटारी ओढतात ते मुख्यतः काठाच्या उसाला. याच पट्ट्यात जास्त पाण्याने रानं क्षारपड झाली आहेत, आणि तिथून काही कोसांवर तुमच्याकडे प्यायला टँकर. हे दोन्ही एकाच तालुक्यात घडतंय, याचं मला फार वाईट वाटतं. सीमेपलीकडून एक टीएमसी जादा आलं तरी ही वाटणी आपोआप बदलणार नाही.

हिशोब करू. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी धरलं तर एकराला ८० लाख लिटर होतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. पाऊस आणि वाटेतली गळती बाजूला ठेवली तर एका टीएमसीत जेमतेम ३,५०० एकर ऊस भिजतो. दूधगंगेच्या काळम्मावाडी धरणात कर्नाटकाचा वाटा ४ टीएमसी आहे. आता सीमाभागातला ऊस डोळ्यांसमोर आणा.

राहिला बोअरचा मुद्दा. अथणी, चिकोडी, निपाणीखाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळलेला खडक. विहिरी त्याच्यावरच चालतात. सातशे-आठशे फुटांवर एखाद्या भेगेत लागलेलं पाणी बहुधा फार जुनं साठलेलं असतं, ते दोन-तीन हंगामांत संपतं आणि लवकर भरत नाही. शिवाय पावसाळा सरल्यावर ओढ्यानदीला जो झरा वाहतो, तो याच वरच्या थरातून पाझरतो. उपशाने तो खाली गेला की बंधाऱ्याला बरगे (अडवायच्या फळ्या) घालूनही अडवायला पाणी उरत नाही. म्हणजे बोअर वाढली की नदीही आटते, आणि नदी आटली की आणखी बोअर. त्यात दहा एचपीपर्यंतच्या मोटारीला वीज फुकट, त्यामुळे मोटार बंद करायचं कारणच कुणाला उरत नाही.

घरच्या द्राक्षबागेला जगवायला शेवटची बोअर मारणाऱ्याला मी दोष देत नाही. माझा आक्षेप उसासाठी तिसरी-चौथी बोअर मारण्याला आहे, आणि तशा बोअर आमच्या निपाणीकडे तुमच्यापेक्षा कमी नसतील.

तुमच्या भागासाठी मागायचंच असेल तर काठाच्या पाटापेक्षा उपसा करून तलाव भरण्याची योजना मागा. तलाव भरला की खालच्या विहिरींना पाझर लागतो आणि पाणी काठावर न अडता आतल्या गावांना मिळतं. मात्र तलावाखाली ऊस लावायचा नाही आणि पन्नास-साठ फुटांच्या विहिरीशेजारी नवी बोअर मारायची नाही, एवढं ग्रामसभेत आधी ठरवून घ्या. तुमच्या गावात असा ठराव होईल का, आणि कोण अडवेल, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.