‘नेटवर्किंगमध्ये संशोधनाला आता उरलंय काय?’

इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘अणुबॉम्ब पडला तरी टिकावं म्हणून अमेरिकी लष्करानं 1969 मध्ये इंटरनेट बनवलं. नियम तेव्हाच ठरले. आता फक्त वेग वाढवायचा राहिलाय, या विषयात वर्ष घालवू नका.’

अणुबॉम्बचं आधी. पैसा संरक्षण खात्याचाच होता. अणुहल्ल्यात तगणाऱ्या जाळ्याचा विचार रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत पॉल बॅरन यांनी केला होता, हेही खरं. पण इंटरनेटचं पूर्वज जाळं, अर्पानेट, सुरू झालं ते संरक्षण खात्याच्या अर्पा या संशोधन विभागातल्या बॉब टेलर यांच्या वैतागातून. पेंटॅगॉनमधल्या त्यांच्या ऑफिसात तीन गावच्या तीन कॉम्प्युटरांसाठी तीन टर्मिनल होती आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाच टर्मिनलवरून सगळीकडे का जाता येऊ नये? बाकी टिकाऊपणाचं म्हणाल, तर 29 ऑक्टोबर 1969 ला ‘लॉगिन’ टाइप करताना पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं मशीन बंद पडलं. बॉम्ब वगैरे काही पडला नव्हता.

नियम तेव्हाच ठरले म्हणे. टीसीपी-आयपीवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या मूळ नियमांवर, अर्पानेट गेलं 1 जानेवारी 1983 ला. आणि ऑक्टोबर 1986 मध्ये त्याच नियमांनी जाळं घुसमटलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ, अंतर 400 यार्ड. वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. 40 हजार नाही, 40! पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) वाटेत अडकलं की पाठवणारा ते हरवलं समजून पुन्हा पाठवी, म्हणजे गर्दीत आणखी भर. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला: हळू सुरुवात करा, पॅकेट गळलं की हात आखडता घ्या.

‘फक्त वेग वाढवा’ याची गंमत इथेच आहे. घरी मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि दुसरीकडे पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. बऱ्याच कनेक्शनवर आकडा कित्येक पट चढतो, कॉल अडखळतो. मेमरी स्वस्त झाली तसे मोडेम-राउटरमध्ये भलेमोठे बफर, म्हणजे पॅकेटांना रांगेत थांबवायच्या जागा, आले. पॅकेट गळेचना, म्हणून जेकबसनच्या उपायाला गर्दीचा पत्ताच लागेना. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा जेकबसन यांनी ‘कोडेल’ हे रांग आवरायचं तंत्र आणलं. ते रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघतं. साधी वाटणारी ही गोष्ट सुचायला दोन दशकं गेली. महागडा प्लॅन घेऊन ही रांग हटेलच असं नाही, बऱ्याचदा ती फक्त जागा बदलते.

राहिला भरवशाचा प्रश्न. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तान टेलिकॉमनं देशापुरतं यूट्यूब बंद करायला ‘हा पत्ता आमच्याकडे’ असं जाहीर केलं. शेजारच्या राउटरांनी ते खरं मानलं आणि यूट्यूब जगभर सुमारे दोन तास गायब झालं. आता आरपीकेआय या डिजिटल सहीच्या नोंदींमुळे पत्त्याचा मालक तपासता येतो. मधल्या वाटेबद्दल मारलेली थाप मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी खपून जाते.