क्रिस्पस ॲटक्स राहून गेलं

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या हायस्कूलांच्या बास्केटबॉल जिमवरचा तुमचा लेख वाचला. तिथल्या छोट्या गावांनी शाळेच्या वर्गांइतकाच जीव बास्केटबॉलच्या जिमवर टाकला, हे त्यातलं निरीक्षण पटलं. न्यू कॅसल गावचं १९५९ सालचं फील्डहाउस, म्हणजे बास्केटबॉलचं बंदिस्त स्टेडियम, नऊ हजारांहून जास्त प्रेक्षकांसाठी बांधलं, तेही एका हायस्कूलसाठी! मिलान या इंडियानातल्याच छोट्या गावच्या शाळेनं १९५४ मध्ये राज्य स्पर्धा जिंकली, त्याबद्दलही सुरेख लिहिलंय. पण इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलवर एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं. कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवण्यासाठीच १९२७ मध्ये ही शाळा उघडली. राज्य स्पर्धेचे दरवाजे तिच्यासाठी १९४२ पर्यंत बंदच होते. शाळेचं जिम इतकं लहान, की घरचे सामनेही दुसऱ्यांच्या कोर्टवर खेळावे लागत. तरी पुढे बास्केटबॉलचा मोठा तारा झालेल्या ऑस्कर रॉबर्टसनच्या इथल्या संघानं १९५५ आणि १९५६, सलग दोन वर्षं राज्याचं विजेतेपद आणलं. कोणाला चांगली इमारत मिळाली याच्याइतकंच कोणाला नाकारली गेली, तेही या इतिहासात यायला हवं.

शाळांच्या विलीनीकरणाचा भागही घाईत उरकलाय. १९५९ च्या कायद्यानंतर कितीतरी गावांची हायस्कूलं एकत्र केली गेली आणि त्यांचे संघ नावासकट संपले. त्यावर दुसरा भाग जरूर लिहा, आणि त्यात ॲटक्सला जागा द्या.