टू-टी ते टू-टी? बोटीच्या तेलावरच्या मेसेजला उत्तर

उजनी धरणाच्या काठावरच्या मच्छीमारांच्या आणि पक्षी दाखवणाऱ्या बोटवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल, याबद्दलचा. थोडक्यात असा: 'बोटीचं मरीन ऑइल म्हणजे कंपन्यांची लूट. टू-टी ते टू-टी, मोटरसायकलचं घाला. तेही नसेल तर साधं इंजिन ऑइल घाला. तेल जरा जास्तच टाका, इंजिन टिकतं. सीझनभराचं पेट्रोल एकदाच मिसळून ठेवा. निळा धूर दिसतोय तोवर काळजी नको.' खाली सही 'अनुभवी मेकॅनिक'. करमाळ्यापासून टेंभुर्णीपर्यंत लोक डोळे झाकून तो पुढे ढकलतायत, म्हणून हा खटाटोप.

आधी 'टू-टी ते टू-टी'. टू-स्ट्रोक इंजिनात खाली तेल साठवायची सोय नसते. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात, येतात, मग तिथून सिलिंडरमध्ये ढकलली जातात. क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, रिंगा यांना जे काही वंगण मिळायचं ते या वाटेनं पेट्रोलबरोबर आलेल्या तेलातूनच. काम झालं की तेल जळून बाहेर. त्यामुळे तेल वंगण किती देतं एवढंच बघून भागत नाही, जळल्यावर मागे काय ठेवतं तेही बघावं लागतं.

आरएक्स-१०० किंवा लुनाचं इंजिन वाऱ्यावर गार होतं. ते चांगलंच तापतं, पण रस्त्यावर थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) सतत कमी-जास्त होत राहतो. त्या तापमानाला साफसफाई व्हावी म्हणून मोटरसायकलच्या तेलात बहुतेक वेळा धातूंची संयुगं असतात, आणि ती जळली की थोडी राख उरते. बोटीचं इंजिन धरणाचंच पाणी ओढून गार होतं. सिलिंडर त्या मानाने थंड, पण काठ सुटला की पलीकडे पोचेपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडा. अशा इंजिनात राख पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसते. तो थर लाल तापला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. म्हणून बोटीसाठी राख न ठेवणारं तेल बनवतात. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलं असतं ते हेच. हे प्रमाणपत्र अमेरिकेतल्या बोट-उद्योगाच्या संघटनेचं, नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं. त्यासाठी तेलाची गंज, रिंग अडकणं, अवेळी पेटणं, पेट्रोलमध्ये मिसळणं अशा बाबतीत चाचणी होते. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो' या जपानी मानकाचं 'एफसी' किंवा 'एफडी' असतं. ते तेलही उत्तमच, पण त्याची परीक्षा वेगळ्या इंजिनावर झालेली.

टेंभुर्णीच्या एका गॅरेजात असंच मोटरसायकलच्या तेलावर चालवलेलं इंजिन उघडलेलं बघितलं. पिस्टनच्या डोक्यावर राखाडी-पांढरा थर, नख घातलं की खपली निघावी असा. वरची रिंग खाचेत चिकटून बसलेली, स्क्रूड्रायव्हर लावूनही हलेना. रिंग हलत नाही म्हटल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कुठून येणार? मालक मात्र 'पेट्रोलच भेसळीचं होतं' यावर ठाम.

उलटही खरं आहे. मरीन तेल चांगलं म्हणून ते जुन्या राजदूतमध्ये ओतू नका, त्या उष्णतेसाठी ते बनवलेलंच नाही. आणि अडीअडचणीची गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२५ला सीना नदीला पूर आला तशी वेळ असेल, माणसं छतावर बसली असतील आणि हाताशी फक्त मोटरसायकलचं टू-टी असेल, तर खुशाल तेच घाला. एका टाकीनं इंजिन मरत नाही. तेलाशिवाय कोरडं चालवलं तर मात्र काही मिनिटांत जाम.

'साधं इंजिन ऑइल घाला' यावर फार बोलायला नको. ते वर्षभर न जळता इंजिनात फिरावं म्हणून बनवलेलं असतं. त्यात जस्त-कॅल्शियमची संयुगं भरपूर आणि पेट्रोलमध्ये ते नीट विरघळत नाही. जळलं की घाण.

आता 'तेल जरा जास्त'. आपल्याकडे हे सगळ्यांना पटतं, कारण तेल-तूप जास्त झालं म्हणून तक्रार करायची आपल्याला सवयच नाही. बऱ्याच टू-स्ट्रोक बोट-इंजिनांना ५०:१ सांगितलेलं असतं, म्हणजे ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल, लिटरला २० मिली, दहा लिटरला २०० मिली. नव्या इंजिनाला रुळेपर्यंत साधारण दुप्पट, २५:१. काही मॉडेलांना १००:१ चालतं. म्हणून दुसऱ्याचं प्रमाण ऐकू नका, आपल्या इंजिनाची पुस्तिका बघा. त्याहून जास्त तेल टाकलं की ते पुरतं जळत नाही. प्लग ओले होतात, एक्झॉस्टच्या वाटेत काजळी धरते. पक्ष्यांजवळ बोट हळू न्यायची म्हणून अर्धा तास इंजिन मंद चालवणाऱ्यांना याचा त्रास आधी होतो. फ्लेमिंगो दिसायला लागले की इंजिन बंद पडतं, आणि दोरी ओढून ओढून बोटवाल्याचा खांदा जातो.

शिवाय जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा बराच भाग न जळताच पाण्यात जातो, त्याच्याबरोबर तेलही. सोलापूर शहराला बरंचसं पाणी उजनीतूनच येतं. आधीच नळ रोज येत नाही, येतो तेव्हा त्यात आपली भर नको.

ज्या इंजिनात तेल आपोआप मिसळायचा पंप आहे, त्याच्या टाकीत वरून मिसळलेलं पेट्रोल घातलं तर दुप्पट तेल होतं. पुस्तिकेत सांगितलं असेल तेव्हाच तसं करा.

सीझनभराचं मिसळून ठेवायचा सल्ला आता तर जास्तच वाईट. पंपावर इ-२० पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्ध्या भरलेल्या डब्यात ते पडून राहिलं तर इथेनॉल आणि पाणी तळाला वेगळं होतं, आणि पेट्रोल ओढणाऱ्या पाइपचं टोकही तळालाच असतं. तेवढ्यापुरतंच मिसळा. आधी थोडं पेट्रोल, मग मोजून तेल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल. लाटांनी आपोआप मिसळेल या भरवशावर राहू नका.

राहिला निळा धूर. धूर म्हणजे तेल जळतंय, एवढंच. इंजिन गार राहतंय का, ते धूर सांगत नाही. जलपर्णी किंवा गाळानं पाणी ओढायची जाळी बुजली, नाहीतर पाण्याच्या पंपाच्या आतलं रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजलं, तर धूर नेहमीसारखाच निघत राहतो आणि सिलिंडर आत भाजत असतो. धुराऐवजी इंजिनाच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे नजर ठेवा. धार बारीक झाली की इंजिन बंद करून जाळी साफ करा. आणि खाली पंख्याजवळच्या गिअरपेटीचं तेल वेगळं असतं, त्याचा टू-टीशी संबंध नाही. त्या पेटीचा तेल काढायचा स्क्रू सैल करून बघा. ताकासारखं पांढरट निघालं तर सील गेलंय, आत पाणी शिरलंय.