जास्त पैसे भरून हळू

गेल्या रविवारी फोंड्यातील एका सलूनमध्ये, गालांवर साबणाचा फेस आणि गळ्यापाशी वस्तरा अशा अवस्थेत, माझ्या परदेशवारीची जाहीर चौकशी झाली. आरोप एवढाच होता की जपानात टोकियोहून हिरोशिमाला जाताना विमानाची सोय असूनही मी आगगाडीने गेलो. फिर्यादी आमच्या वाड्यावरचे एक निवृत्त वडीलधारे गृहस्थ होते, ज्यांना सगळा गाव भाई म्हणतो. पुरावा त्यांच्या मोबाइलमध्ये होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे पुण्यकर्म माझ्या साडूने केले होते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आम्ही दोन जोडपी जपानला गेलो होतो. टोकियो ते हिरोशिमा हा प्रवास कसा करावा यावर माझा आणि साडूभाऊंचा एकमताने मतभेद झाला, तेव्हा आपापल्या मार्गाने जाऊन हॉटेलात भेटावे असे ठरले. सकाळी ८ वाजता आम्ही चौघे एकाच दारातून बाहेर पडलो. साडूभाऊ १२ वाजून १० मिनिटांनी हिरोशिमाच्या हॉटेलात पोहोचले, आम्ही १२ वाजून ३५ मिनिटांनी. घामाघूम होऊन ती अवजड बॅग ओढत मी दारातून आत शिरत असताना साडूभाऊंनी माझा फोटो काढला आणि त्याखाली 'अखेर पोहोचले' असे दोन शब्द लिहून तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्या हॉटेलात दुपारी ३ वाजेपर्यंत कोणालाच खोली मिळणार नव्हती, म्हणजे कमावलेली २५ मिनिटे ते सोफ्यावर नुसते बसून होते, ही गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही.

तो फोटो भाईंनी बाकावर बसलेल्या तिघांना आणि शेवटी, वस्तरा थांबवून, सलूनच्या मालकालाही दाखवला. मग ते माझ्याकडे वळले आणि बाकावरच्या तिघांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "काय रे, पैसे कमी पडले?"

मी मान हलवून नाही म्हणण्याचा प्रयत्न केला, पण वस्तरा गळ्याशी असताना मान हलविण्याची एक मर्यादा असते. माझ्या त्या अर्धवट हालचालीचा अर्थ भाईंनी होकार असा घेतला. "सांगायचे होते मरे एका शब्दाने," ते कळवळून म्हणाले. "साडू विमानातून जातो आणि तू आगगाडीतून. बायकोला काय वाटले असेल?"

भाईंच्या मनातले वाहनांचे वर्ण पक्के आहेत. विमान म्हणजे प्रतिष्ठा. एकेकाळी कोणी परदेशी निघाला की त्याला दाबोळी विमानतळावर पोहोचवायला दोन गाड्या भरून माणसे जात असत, आणि आगगाडी म्हणजे मडगाव स्टेशन, एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी ताटकळणे आणि जूनमध्ये लागू होणारे कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हा याच भाईंनी तिचे तोंड भरून कौतुक केले होते आणि आजही मुंबईला ते तिनेच जातात. मात्र आपल्या देशात आगगाडीने जाणे हा व्यवहार आणि परक्या देशात आगगाडीने जाणे ही नाचक्की, असा त्यांचा हिशेब आहे. मुंबईच्या एकमेव विमानप्रवासात मिळालेल्या मीठ-मिऱ्यांच्या पुड्या त्यांनी कित्येक वर्षे कपाटात जपून ठेवल्या आहेत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

एक गाल मोकळा झाल्याबरोबर मी बचाव मांडला. ती साधी आगगाडी नव्हती, बुलेट ट्रेन होती. १९६४ साली, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, १ ऑक्टोबरला तिची पहिली फेरी झाली, म्हणजे गोवा मुक्त होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. तिला स्वतंत्र दुहेरी मार्ग आहे, वाटेत कोठेही फाटक नाही, समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणे नाही. टोकियो ते हिरोशिमा हे जवळपास ९०० किलोमीटरचे अंतर नोझोमी नावाची गाडी चार तासांच्या आत तोडते. हे सगळे मी एका दमात सांगितले. भाईंनी शांतपणे विचारले, "आणि तिकीट?"

येथे मी चूक केली. मी खरे सांगितले.

"एकोणीस-वीस हजार येन. आपले सुमारे अकरा हजार रुपये."

"आणि विमानाचे?"

"आधी आरक्षण केले तर पुष्कळदा त्याहून कमी."

सलूनमध्ये पंखा तेवढा फिरत राहिला. भाईंच्या चेहऱ्यावरची कणव हळूहळू विरघळत गेली आणि तिच्या जागी जे उमटले त्यापेक्षा कणवच बरी होती असे मला वाटले. "थांब, थांब," ते बोटांवर मोजीत म्हणाले. "मला नीट समजू दे. आगगाडी महाग, विमान स्वस्त. विमान आधी पोहोचले, आगगाडी नंतर. म्हणजे तू जास्त पैसे भरून हळू गेलास?"

बाकावरचे तिघे हसले. सलूनचा मालक हसला नाही, पण त्याचा हात थरथरत होता आणि त्या हातात वस्तरा होता.

आता माझा हिशेब काय होता, तो वाचकांसमोर तरी मांडणे मला भाग आहे. टोकियोच्या हॉटेलातून हानेदा विमानतळापर्यंत ४५ मिनिटे, तेथे आधी पोहोचण्याचा एक तास, प्रत्यक्ष उड्डाण सुमारे १ तास २५ मिनिटे, बाहेर पडण्यास २०, बसची वाट पाहण्यात १५ आणि बसची ५० मिनिटे, मिळून ४ तास ३५ मिनिटे. आगगाडीने, हॉटेलपासून स्टेशनापर्यंत चालणे १५, फलाटावर थांबणे १५, प्रवास ३ तास ५५ आणि उतरल्यावर हॉटेलपर्यंत १० मिनिटे, मिळून पुन्हा ४ तास ३५ मिनिटे. जपानात 'चार तासांची भिंत' असा एक शब्दप्रयोग आहे: आगगाडीला चार तासांहून कमी लागत असतील तर माणसे आगगाडी धरतात, जास्त लागत असतील तर विमान. हिरोशिमा नेमके त्या भिंतीवर बसलेले शहर आहे, एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे टाकून. अशा ठिकाणी विमानाला सगळे नडते ते विमानतळामुळे, कारण हिरोशिमाचा विमानतळ मुळात हिरोशिमा शहरात नाही. तो दूर मिहारा नावाच्या दुसऱ्याच गावाच्या हद्दीत, डोंगरात आहे. त्याही पुढच्या फुकुओकाचा विमानतळ मात्र भुयारी रेल्वेने मुख्य स्टेशनापासून अवघ्या दोन स्थानकांवर आहे, आणि बुलेट ट्रेनला तेथे पोहोचायला पाच तास लागतात; तिकडे जायचे असते तर मी मुकाट्याने विमान धरले असते. साप्पोरोला तर आगगाडीचा विचारही केला नसता, कारण बुलेट ट्रेन होक्काइदोच्या दक्षिण टोकाला येऊन थांबते आणि पुढचे साडेतीन तास साध्या गाडीने काढावे लागतात. म्हणजे मी आगगाडीचा आंधळा भक्त नाही. मला फक्त बेरीज येते.

ती बेरीज साडूभाऊंनी बिघडवली, आणि कशी बिघडवली हेच मला अजून पचत नाही. त्यांनी आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर 'बॅगेचे काय करू' एवढा एकच प्रश्न विचारला आणि तेथील मुलीने ती बॅग ताक्युबिनने, म्हणजे सामान घरपोच नेणाऱ्या सेवेने, परस्पर हिरोशिमाला पाठवून दिली. ते हात हलवत विमानतळावर उशिरा पोहोचले तरी चालले, आणि उतरल्यावर बस जणू त्यांच्यासाठीच दारात उभी होती. मी दोन महिने अभ्यास केला होता. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर बुलेट ट्रेनमध्ये डब्याच्या शेवटच्या ओळीतील ठराविक जागा आधी राखून ठेवावी लागते, हा नियम वाचून मी निघण्यापूर्वी शिंप्याकडची फीत आणून बॅग मोजली होती. ती १६३ भरली. चिवड्याचा एक डबा कमी केला असता तर कदाचित लहान बॅग पुरली असती, पण तो डबा माझ्या मेहुणीच्या, म्हणजे साडूभाऊंच्याच पत्नीच्या, आग्रहास्तव भरला होता. ओढला मी, खाल्ला त्यांनी.

आणखी एक भाचा आहे, त्याच्याबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. त्याने महिनाभर माझ्यामागे 'मामा, पास काढा, पासशिवाय जपान फिरायचेच नाही' असा धोशा लावला होता. त्याचे ज्ञान जुने होते. सात दिवसांचा रेल्वे पास पूर्वी २९,६५० येनना मिळायचा, तेव्हा हिरोशिमाची एक जा-ये केली की तो वसूल व्हायचा; ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० येन झाला, आणि एवढे भरूनही नोझोमीत बसायचे तर वर वेगळे शुल्क द्यावे लागते. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तरीपण पास तो पास." तो मोठेपणी भाई होणार.

भाईंना ही सगळी आकडेमोड सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी उपमेचा आधार घेतला. "भाई, हिरोशिमाचा विमानतळ म्हणजे आपला मोपा समजा," मी म्हणालो. "फोंड्याहून मोपाला जायचे तर पणजी ओलांडा, म्हापसा ओलांडा, पार पेडण्याच्या टोकाला जा. मुंबईचे उड्डाण तासाभराचे, पण त्याआधी रस्त्यावर किती वेळ जातो? तसेच ते."

हे मात्र त्यांच्या मनापर्यंत पोहोचलेले दिसले. भाई बराच वेळ विचारात पडले. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमाने उडू लागली, तेव्हापासून त्या विषयावर त्यांचे स्वतंत्र चिंतन आहे. मग ते पुढे सरकून, अत्यंत गांभीर्याने म्हणाले, "म्हणजे तिथे आजूबाजूच्या जमिनींचे दर चढले असणार."

मी म्हणालो, मला कल्पना नाही.

"विचारले नाहीस?"

"नाही."

"इतक्या लांब गेलास आणि विचारले नाहीस?" ते बाकावरच्या तिघांकडे वळून म्हणाले. "बसमधून गेला असता तर दिसले तरी असते. साडूने पाहिले असेल. त्याला विचारतो." आणि त्यांनी खरोखरच फोन उचलून साडूभाऊंना निरोप टाइप करायला घेतला, एकेक अक्षर मोठ्याने उच्चारीत.

मी शेवटचा उपाय म्हणून फुजी पर्वत काढला. आगगाडीच्या खिडकीतून फुजी दिसतो, असे मी म्हणालो. टोकियोहून निघाल्यावर पाऊण तासात, उजव्या बाजूला. त्यासाठी मी जागाही उजवीकडच्याच घेतल्या होत्या.

"दिसला?" भाईंनी मान वर न करता विचारले.

सौभाग्यवतींना दिसला. पूर्ण दिसला, बर्फासकट. त्या वेळी मी गुडघ्यावर वही ठेवून, साडूभाऊ आता विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत असतील की विमानात बसले असतील, याची मिनिटे मांडत होतो. सौभाग्यवती 'बघा' म्हणाल्या हे मला आठवते; मी 'एक मिनिट' म्हणालो हेही आठवते. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या गाडीत एक मिनिट फार मोठे असते. हे सलूनमध्ये सांगण्यासारखे नव्हते, म्हणून मी 'दिसला' म्हणालो.

"चहा मिळतो का त्या गाडीत?" भाईंचा पुढचा प्रश्न आला.

येथेही खोटे बोलता आले असते. पण त्या मार्गावर साध्या डब्यांतून फिरणारी चहा-कॉफीची ढकलगाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, आता चढण्यापूर्वीच स्टेशनात खाणे-पिणे घ्यावे लागते, हे मला माहीत होते, आणि माहीत असलेले न सांगणे मला जमत नाही.

"नाही," मी म्हणालो.

भाईंनी फोन खाली ठेवला. "चहाही नाही," एवढेच ते म्हणाले, आणि एखाद्याच्या घरी सांत्वनाला जाऊन परत निघताना आपण जसा खांद्यावर हात ठेवतो तसा त्यांनी माझ्या खांद्यावरच्या टॉवेलवर ठेवला. मग सलूनच्या मालकाला खुणेने जवळ बोलावून त्यांनी खिशातून पैसे काढले.

दाढी झाल्यावर मी शंभराची नोट पुढे केली, तेव्हा मालकाने ती घेतली नाही. "भाईंनी दिले," तो म्हणाला. "म्हणाले, राहू दे, त्याचा जपानात फार खर्च झाला आहे."