हीटर कुणासाठी, ते आधी ठरवा

पुण्यात थंडी पडली की माझा फोन सुरू होतो. बाणेर, बावधन, पाषाण, सूस. "दादा, टेरेसवर हीटर लावायचाय, कुठला घेऊ?" अठरा वर्षं वायरिंगची कामं घेतोय, त्यातली बरीचशी बंगल्यांची अंगणं आणि टेरेसवरची हॉटेलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून आज एकदा सविस्तर लिहितो. लांबलंय, पण खरेदीला निघण्याआधी वाचा.

आधी गरज आहे का ते बघा. शिवाजीनगरला पारा 9-10 वर उतरला तरी मगरपट्टा, कोरेगाव पार्ककडे तो बहुतेक वेळा चार-पाच अंशांनी जास्त असतो. हवामान खात्याचे आकडे पेपरात येतात, पडताळून बघा. पाषाण, एनडीए (लष्करी प्रबोधिनी) या बाजूला मात्र खरा गारठा. पुण्याच्या नोंदीतला नीचांक 1.7 अंशांचा, तोही 1935 च्या जानेवारीतला. दुपारी तर आपण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतो. म्हणजे हीटरचं काम पहाटे दोन तास आणि रात्री तीन-चार तास, तेही दीड-दोन महिने. परदेशातले व्हिडिओ बघून तेवढाच दांडगा हीटर इथे आणू नका.

मग वारा. पाषाणला एका घरी आजोबांना पहाटे गच्चीत बसून चहा घ्यायची सवय. मुलाने 2000 वॉटचा हीटर आणून कठड्याच्या बाजूला टांगला होता, तरी आजोबा कानटोपी आणि दोन शाली गुंडाळून कुडकुडत होते. मुलगा म्हणाला, हीटर बदलून अजून मोठा आणू. मी देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि गच्चीभर फिरलो. कठड्यापाशी धूर पार आडवा पळत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात मात्र तोच धूर सरळ वर गेला. खुर्ची त्या कोपऱ्यात आणली, उघड्या बाजूला बांबूची चटई बांधली, आणि डोक्यावर तिरका 1000 वॉटचा हीटर लावला. आजोबांनी थोड्या वेळात एक शाल काढून मांडीवर घेतली. निम्म्या विजेत काम झालं. आधी वारा अडवा, मग हीटर मोजा.

उघड्यावर हवा तापवायच्या भानगडीत पडू नका. ब्लोअर आणि तेलाचा हीटर खोलीसाठी ठीक, गच्चीत तापलेली हवा क्षणात निघून जाते. तिथे इन्फ्रारेडच लागतो, म्हणजे हवेऐवजी थेट अंग तापवणारा. कोवळ्या उन्हात बसलं की हवा गार असते, तरी पाठ शेकते ना, अगदी तसंच. यातही प्रकार आहेत. लालभडक पेटणारा शॉर्टवेव्ह बटण दाबताच ऊब देतो, वाऱ्याच्या मोकळ्या जागेत तोच चालतो, पण त्याचा लाल उजेड सगळ्यांना आवडत नाही. सिरॅमिक हीटर उजेड देत नाही, तापायला पाच-दहा मिनिटं घेतो. तीन बाजूंनी बंद असलेल्या बाल्कनीला तो छान. साधारण सात-आठ फुटांवर, तिरका लावा. फार उंच नेलात तर ऊब खाली पोचतच नाही. आणि एका बाजूने एक मोठा लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन छोटे लावा. शेकोटीपाशी बसलेल्या कुणालाही विचारा, पुढून भाजतं आणि पाठ गारच राहते.

खोक्यावर आयपी नंबर बघा, धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे ते तो सांगतो. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. छपराखाली 24 चालेल, उघड्यावर 55 किंवा 65 च घ्या. आपला हीटर दहा महिने नुसता टांगलेला असतो, त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. स्वस्तातला घ्याल तर दुसऱ्या हिवाळ्याला आत गंज.

वायरिंगबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. 2000 वॉट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, तेही तास न् तास. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर (अंतर लांब असेल तर 4 ची), नीट अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) पाहिजे. गेल्या वर्षी एका घरी एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर चालवला होता. मी पिन उपसली तर बोर्डाचं प्लास्टिक पिनेबरोबर ताणून बाहेर आलं, च्युइंगगमसारखं. वर सोफ्याची गादी टेकलेली. त्या घरात दोन लहान मुलं आहेत. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आता हॉटेलवाल्यांसाठी, आणि हे मी कळकळीने लिहितोय. तुम्हाला सगळ्यांना तो गॅसचा छत्रीसारखा हीटर हवा असतो, कारण फोटोत दिसतो छान. चारी बाजू उघड्या असलेल्या लॉनवर, सपाट जमिनीवर, कलंडला की आपोआप बंद होणारा असेल तर खुशाल लावा. फार्महाऊसवर वायर नेणं शक्य नसतं तिथे तर तोच बरा. पण आपल्याकडची टेरेस असते कशी? वर बांबू आणि गवताचं छप्पर किंवा ताडपत्री, बाजूला गुंडाळलेलं प्लास्टिक, वारा सुटला की पोऱ्या ते खाली सोडतो. झाली की बंद खोली! गॅस गिझरने बाथरूममध्ये माणसं कशी जातात ते आपल्याला माहीत आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आणि एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर कठड्याच्या आत फरशीवर साचून राहतो. मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर 14 जण गेले. गच्चीवरचं छप्पर किती झटकन पेटतं हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. अशा छपराखाली गॅसचा हीटर असेल तर त्या जागेचं कुठलंच काम मी घेत नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली त्यापायी, तुटू देत.

खर्चाचं म्हणाल तर मोठा छत्री हीटर पूर्ण आचेवर तासाला साधारण 900 ग्रॅम गॅस खातो. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर वीस-एकवीस तासांत रिकामा. घरगुती लाल सिलिंडर तिथे जोडणं हा गुन्हा आहे, "सगळेच लावतात" हे मला सांगू नका. हंगामाच्या सुरुवातीला बर्नर उघडून साफ करा, आत कोळ्यांनी जाळी केलेली असतात. रबरी पाइपवरची तारीखही बघा.

विजेचे 2000 वॉटचे आठ हीटर लावलेत तर 16 किलोवॉट होतात. त्याला थ्री फेज आणि मंजूर भार वाढवून घेणं आलं. ते काम ऑक्टोबरमध्ये करा, 30 डिसेंबरला मला फोन करून उपयोग नाही. प्रत्येक टेबलाला वेगळा स्विच द्या. रिकाम्या खुर्च्या शेकत बसलेल्या मी रोज बघतो. फ्रान्सने 1 एप्रिल 2022 पासून कॅफेंच्या उघड्या टेरेसवरचे हीटर बंदच केले, आणि तिथली थंडी आपल्यापेक्षा कितीतरी कडक. मला तो निर्णय पटतो.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला बसलो ते. आमच्या सोसायटीच्या सभेत गझिबोला (बागेतल्या बसायच्या छपरीला) दोन हीटर लावायचा ठराव आला. शनिवारी रात्री तासभर गप्पा मारणाऱ्यांसाठी. गेटवर रात्रपाळीचे काका पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसतात. पार्सलचे खोके, थर्माकोल, पिशव्या, हाताला लागेल ते जाळून शेकतात आणि दिवसभर खोकतात. कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, म्हणून सोसायटीने त्यांना नोटीस दिली होती. नोटीस दिली, ऊब नाही दिली.

मी सभेत हिशोब मांडला. 800 वॉटचा दोन रॉडचा हीटर, रात्री आठ तास, साठ रात्री. होतात 384 युनिट. आमचे फ्लॅट 72. म्हणजे अख्ख्या हिवाळ्यात फ्लॅटमागे पाच युनिटच्या जरा वर. गझिबोचा ठराव बाजूला ठेवा, पहिला पॉइंट गेटवर. थोडी कुरकुर झाली, पण मंजूर झालं. रविवारी मी स्वतः जाऊन पॉइंट काढला, हीटर भिंतीवर पक्का बसवला, खिडकी जरा उघडी ठेवायला सांगितली.

काका हीटरकडे बघत उभे राहिले, स्विचला हात लावेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, बिल पगारातून कापणार का?" मी सेक्रेटरींना खाली बोलावलं. त्यांनी "नाही कापणार" असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेव्हा कुठे काकांनी बटण दाबलं.