काळी तरी सुंदर, की काळी आणि सुंदर?

मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली पण घरच्या ग्रुपवर भांडण लागलं की मी ठाण्यातच असते, तलावपाळीच्या कट्ट्यावर बसल्यासारखी. या वेळचं कारण मावसबहिणीचं लग्न. तिला विधीत गीतरत्नातलं, म्हणजे बायबलमधल्या प्रेमगीतांच्या पुस्तकातलं वाचन हवंय आणि मोठ्या मामी म्हणतायत चर्चमध्ये असलं काय वाचता, बायबलमधल्याच नीतिसूत्रे पुस्तकाचा ३१वा अध्याय घ्या. म्हणजे तेच, सौंदर्य व्यर्थ, देवाचं भय धरणाऱ्या बाईची स्तुती होते. दोनच दिवस आधी याच मामींनी तिला उन्हात फिरू नको, रंग उतरेल असं बजावून पार्लरचं पॅकेज पाठवलेलं, तर सौंदर्य व्यर्थ असलं तरी आगाऊ बुक करावं लागतं बहुतेक.

बरं तो ३१वा अध्याय तरी पूर्ण कुठे वाचतात? त्यातली बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कपडे शिवून विकते. आणि ते 'सौंदर्य व्यर्थ' झाल्यावर लगेच पुढची ओळ आहे, तिच्या हातचं फळ तिला द्या. ही ओळ मी आमच्या एकाही लग्नात ऐकलेली नाही.

दागिन्यांचंही तसंच. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वेण्या, सोनं, मोती नको म्हटलंय, पण उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकाला सोन्याची नथ आणि बांगड्या घातल्यात आणि गीतरत्नात तर गाल, गळा सगळंच सजलेलं. (केस डोंगरावरून उतरणाऱ्या शेळ्यांच्या कळपासारखे आणि नाक लबानोनच्या बुरुजासारखं, हे ठाण्यात कुठल्या मुलीला म्हणून बघा.) प्रेमाबद्दल तिथे जास्त बोलते ती बाईच, आणि बिनधास्त बोलते, मामींना खरं तर तेच झोंबतंय.

इथे आल्यावर मला वाटलेलं चला सुटलो. आमच्या चर्चला बाई पास्टर आहेत, लग्नात गीतरत्न सर्रास वाचतात, कोणी नाक मुरडत नाही. पण बाईने शिकवू नये, गप्प राहावं हे त्याच तीमथ्याच्या पत्रातलं वचन इथे मी एकदाही मोठ्याने वाचलेलं ऐकलं नाही, मी विचारलं तर तो काळ वेगळा होता म्हणून हातात कॉफी दिली. मामी निदान भांडतात, त्यांना तो शब्द अजून लागू वाटतो. मला पंडिता रमाबाई आठवतात, हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२४ मध्ये छापून आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या. बाईने शिकवू नये हे वाक्यसुद्धा त्यांनाच मराठीत उतरवावं लागलं असणार ना.

आता बहिणीला जे वाचायचंय ते. गीतरत्नातली ती मुलगी उन्हाने रापलेली आहे, भावांनी मळे राखायला लावलंय तिला, आणि ती म्हणते मी काळी, तरी सुंदर. हिब्रूत तिथे जे अक्षर आहे त्याचा अर्थ 'आणि' पण होतो, 'पण' पण होतो. १९८९च्या एका इंग्रजी भाषांतरात सरळ 'काळी आणि सुंदर' केलंय, आमच्या चर्चमध्ये तेच वाचतात. आमच्या घरात सावळ्या मुलींचं सगळं लहानपण त्या 'तरी'त गेलं, माझं पण, सावळी आहे तरी नाकीडोळी नीटस वगैरे.

मी बहिणीला फोनवर म्हटलं वाच, पण 'आणि' वाच. ती पाळकसाहेबांना विचारणार आहे. मामींनी अजून हो म्हटलेलं नाही, काल फक्त एवढंच विचारलं की वाचायला उभी राहशील तेव्हा नथ घालशील ना.